टांगा हाकायला कोण शिकवणार? जलसा, वामनदादा आणि खानदेशातली आपली पोरं

ऑक्टोबर १९२९ ची गोष्ट. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या स्थितीची चौकशी करायला नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात फिरत होते. धुळे मार्गावरच्या एका गावात आपल्या लोकांवर बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी करायला जाताना ते चाळीसगाव स्टेशनवर उतरले. चौकशी आटोपून थेट मुंबईला जायचं होतं. पण चाळीसगावच्या महारवाड्यातली मंडळी स्टेशनवर आली, म्हणाली की एक रात्र आमच्याकडे थांबा. बाबासाहेब तयार झाले. त्या गावाहून परत आल्यावर टांगा येईपर्यंत तासभर स्टेशनवरच बसून राहावं लागलं. टांगा आला, निघाला, थोड्याच अंतरावर एका मोटारीवर आदळता आदळता वाचला, आणि पुढे नदीच्या फरशीवर चाक अडकून उलटला. बाबासाहेब दगडांवर फेकले गेले. पाय मोडला. घोडा आणि गाडी नदीत.

हे असं का झालं, ते बाबासाहेबांना नंतर कळलं. चाळीसगावचा एकही टांगेवाला महाराला टांग्यात बसवून न्यायला तयार नव्हता. आपल्या लोकांना पाहुण्याने पायी यावं हे सहन होईना. शेवटी तोड निघाली ती अशी की टांगा भाड्याने मिळेल, पण टांगेवाला हाकणार नाही. मग आपल्यातलाच एक जण पुढे झाला आणि त्याने लगाम हातात घेतला. त्याने त्याआधी कधीच टांगा हाकला नव्हता.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. त्यातला पहिला धडा आपण सगळे सांगतो. दोन पैशांची मजुरी करणारा टांगेवालाही विलायतेत शिकलेल्या बॅरिस्टरपेक्षा स्वतःला उच्च समजतो. हा धडा भाषणांत येतो, पोस्टरवर येतो. पण त्याच आठवणीत बाबासाहेब आपल्या लोकांबद्दलही एक गोष्ट नोंदवतात, आणि ती कुणी फारशी सांगत नाही. पाहुण्याचा मान राखण्याच्या नादात पाहुण्याचा जीव जास्त मोलाचा आहे हे मंडळी विसरली, असं त्यांनी लिहिलं आहे. त्यांच्या प्रेमाबद्दल त्यांना शंका नव्हती. पण लगाम धरणाऱ्याला हाकता येत नव्हतं, हे त्यांनी झाकलं नाही.

आम्ही हा प्रसंग आज उकरतो आहोत तो चाळीसगावच्या त्या माणसाला दोष द्यायला नाही. त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही लगाम धरला असता. आमचा प्रश्न वेगळा आहे. प्रेम आपल्याकडे तेव्हाही होतं आणि आजही आहे. १४ एप्रिलच्या रात्री जळगावच्या किंवा धुळ्याच्या कुठल्याही वस्तीत उभं राहून पाहा, प्रेम कमी पडलेलं दिसणार नाही. पण हाकायला शिकवणारा कोण आहे? गाणं, वाद्य, रंग, नाटक या आपल्या चळवळीच्या वाहनांचे लगाम ज्या पोरांच्या हातात आपण देतो आहोत, त्यांना तालीम कोण देतं?

एके काळी देत होतं. त्या शाळेचा इतिहास नीट लिहिला गेला नाही, कारण तिला इमारत नव्हती, हजेरीपट नव्हता, प्रमाणपत्र नव्हतं. तिचं नाव होतं जलसा.

सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ ची. पुढच्या काळात सत्यशोधक जलसे गावोगाव फिरले, आणि त्यांनी तमाशाचा साचा घेऊन आतला माल बदलला. हीच रीत १९३० च्या दशकात आंबेडकरी जलशांनी उचलली. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डक आणि मंडळींचा जलसा उभा राहिला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि पाच वर्षं चालला, १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. हे सगळं आपल्या दाराशी घडत होतं. ज्या माणसाला अक्षर येत नव्हतं, त्याच्यापर्यंत हे पोचवलं कुणी? वर्तमानपत्राने नाही. ढोलकी, डफ, तुणतुणं आणि झांज घेऊन बैलगाडीने, रेल्वेने, नाहीतर पायी गेलेल्या जलसाकारांनी. बाबासाहेबांनी आपल्या दहा भाषणांच्या बरोबरीने एका जलशाला मोजलं, असं जुनी माणसं अजून सांगतात.

जलशात पोरगा शिकायचा कसा, हे समजून घेतलं पाहिजे. तो आधी सामान उचलायचा. मग झील धरायचा, म्हणजे मुख्य गायकाच्या मागे उभं राहून ओळीचं शेपूट उचलायचं. झीलकऱ्याला आधी ऐकायला शिकावं लागतं. कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं, समोरचा समाज कुठे हसतो आणि कुठे गप्प होतो. मग त्याला बतावणीत एखादं लहान काम मिळायचं, सावकाराच्या कारकुनाचं, दारुड्याच्या पोराचं. सावकाराचं सोंग करता करता त्याला व्याजाचा हिशेब कळायचा. मेलेली गुरं ओढणं का सोडायचं, यावरचा संवाद पाठ करता करता तो प्रश्न त्याचा स्वतःचा व्हायचा. कला आणि विचार असे दोन तास वेगळे नव्हते. आज शिबिरात सकाळी ‘वैचारिक सत्र’ असतं आणि रात्री ‘सांस्कृतिक कार्यक्रम’. जलशात ही फाळणी नव्हती.

आणि शिस्त होती. १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या कमाईतून मदत देऊ केली तेव्हा बाबासाहेबांनी ती नाकारली, हे प्रसिद्ध आहे. आपल्या समाजाच्या बायका नाचवून आलेला पैसा त्यांना नको होता. जलशाने हे मनावर घेतलं. दारू नाही, दौलतजादा नाही. म्हणून आईबाप पोरगा जलशात पाठवायला तयार झाले. पण याची दुसरी बाजूही सांगून टाकू: या शिस्तीच्या नावाखाली जलशाच्या फळीवर बाईच आली नाही. बाईचं काम पुरुषच करत राहिले. नाचवणं थांबवलं ते बरोबर केलं, पण तिला बोलतं करणं राहून गेलं. या मुद्द्याकडे आम्ही परत येऊ.

आता वामनदादांकडे. (भीमराव कर्डक आणि वामन कर्डक, आडनाव एक, माणसं दोन, नवी पोरं नेहमी घोळ करतात.) वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. लहानपणीच वडील गेले. मुंबईला येऊन पडेल ती मजुरी केली. तरुण वयापर्यंत अक्षरओळख नव्हती. कुणीतरी वाचून दाखव म्हणून पत्र हातात दिलं, ते वाचता आलं नाही, आणि त्या लाजेने हा माणूस रडला. मग देहलवी नावाच्या मास्तरांनी चाळीत त्यांना बाराखडी शिकवली. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या वाचत वाचत त्यांनी जोडाक्षरं पक्की केली. १९४३ मध्ये पहिलं गीत लिहिलं आणि त्यानंतर २००४ मध्ये जाईपर्यंत हा माणूस थांबला नाही. ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ ही पुस्तकं आली, पण पुस्तकांत मावलं ते थोडं. हजारो गाणी लोकांच्या वह्यांत आणि गळ्यांत राहिली.

आमच्या दृष्टीने वामनदादांच्या चरित्रातलं सगळ्यात मोठं पान देहलवी मास्तरांचं आहे. त्या मास्तरांनी कविता शिकवली नाही, सूर शिकवला नाही. फक्त अक्षर दिलं. वामनदादांनी पुढे आयुष्यभर जे शिष्य घडवले ते याच मापाने. गावोगाव हिंडायचे, कार्यकर्त्यांच्या घरी उतरायचे, तिथल्या पोराला सोबत बसवायचे, गाणं त्याच्या वहीत उतरवून द्यायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. किती गाणी अशी मागे राहिली याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही. महाराष्ट्रात आज ज्या गायक-कवींना आपण मानाने बोलावतो त्यातले किती जण ‘मी दादांचा शिष्य’ म्हणून सुरुवात करतात, ते मोजून पाहा.

त्यातलं एक मोठं नाव आपल्या खानदेशचं आहे. प्रतापसिंग बोदडे, मुक्ताईनगरचे. जुन्या माणसांच्या तोंडी अजून एदलाबादच आहे ते गाव. २०२२ मध्ये ते गेले. वामनदादांचे शिष्य म्हणून त्यांची ओळख उभ्या महाराष्ट्राला होती. रायगडाचा राजा आणि चवदार तळ्याचा राजा एका गाण्यात शेजारी शेजारी उभे करणारं ‘दोनच राजे’ हे त्यांचं. ‘भीमराज की बेटी’ हेही त्यांचंच. हे दुसरं गाणं दिल्लीपासून नागपूरपर्यंत कुठल्याही जयंतीत वाजतं, मुली त्यावर बेभान होऊन नाचतात. ते जळगाव जिल्ह्यातल्या एका कवीचं आहे हे त्या मुलींना सोडा, जळगावच्या पोरांनाही माहीत नसतं. आम्ही हे अंदाजाने म्हणत नाही. आमच्या रविवारच्या वर्गात पहिल्याच दिवशी आम्ही विचारलं, हे गाणं कुणाचं? एकाने गायिकेचं नाव सांगितलं, एकाने यूट्यूब चॅनेलचं.

याचं कारण पोरांचा आळस नाही. वामनदादांच्या घराण्यातल्या गाण्याला शेवटच्या अंतऱ्यात कवीची नाममुद्रा असते. ज्याच्याकडे छापखाना नाही, वकील नाही, त्याचा तोच कॉपीराइट. तुकोबांनी तेच केलं, कबीराने तेच केलं. डीजेचा रिमिक्स काय करतो? धृपद घेतो, पहिला अंतरा घेतो आणि पुन्हा धृपदावर येतो. शेवटचा अंतरा कापला जातो आणि त्याबरोबर कवी कापला जातो. नाममुद्रा गेली की वंशावळ जाते, आणि वंशावळ गेली की पोराला वाटतं हे गाणं आकाशातून पडलं, असं गाणं लिहिणं हे आपल्यासारख्याचं काम नव्हे.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर आमचं म्हणणं चुकीच्या गोटात जाऊन बसेल. भीमजयंतीच्या डीजेवर नाकं मुरडणारे जे सवर्ण सभ्यगृहस्थ असतात, आम्ही त्यांच्यातले नाही. त्यांना गणपतीतला डीजे संस्कृती वाटतो आणि जयंतीतला गोंगाट. ज्या रस्त्यावरून आपल्या आजोबांना मान खाली घालून जावं लागलं, त्या रस्त्यावर एक दिवस आपला आवाज सगळ्यांत मोठा असावा, ही भावना आम्हाला कळते, आमच्याही अंगात ती आहे. आमची तक्रार आवाजाबद्दल नाही. वर्गणीच्या वहीबद्दल आहे. वर्षाची जवळपास सगळी वर्गणी एका रात्रीच्या भाड्यात जाते, आणि त्याच वस्तीत हार्मोनियमचा भाता फाटला म्हणून सहा महिने तालीम बंद राहते. डीजेचा मालक बहुतेक वेळा आपलाही नसतो. टांगा भाड्याचा, आता हाकणाराही भाड्याचा.

दुसरी हरकत घरातून येते, आणि ती जास्त वजनाची आहे. एका आईने आम्हाला सरळ सांगितलं, “भाऊ, त्याला एमपीएससीच्या अभ्यासाला बसवा. ढोलकी वाजवायला आम्ही काय पुन्हा त्यांच्या लग्नात जायचं का?” या प्रश्नापुढे आम्ही गप्प झालो. खानदेशात असो की आणखी कुठे, वाद्य ही आपल्यासाठी कला नव्हती, चाकरी होती. त्यांच्या लग्नात, त्यांच्या देवापुढे, त्यांच्या मयतीत वाजवायचं आणि उष्टं-पाष्टं घेऊन यायचं. गावकी सोडणं म्हणजे ते वाद्य खाली ठेवणं होतं, आणि ते खाली ठेवलं म्हणून त्या बाईचा मुलगा आज अभ्यासिकेत बसू शकतो. हे सोडणं हीच क्रांती होती. आम्ही ती उलटी फिरवायला निघालेलो नाही.

पण जलशाने नेमकं काय केलं ते पाहा. तीच ढोलकी, तोच डफ त्याने चाकरीतून सोडवून आणला. वाजवणारा तोच, वाद्य तेच, पण आता तो पाटलाच्या दारात उभा नाही. स्वतःच्या वस्तीत, स्वतःच्या माणसांपुढे, स्वतःचं म्हणणं मांडायला उभा आहे. अभ्यास आणि कला ही भांडणारी भावंडं नाहीत, हे खुद्द बाबासाहेबांच्या कॉलेजात दिसलं. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिलं. १९५५ मध्ये विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर केलं. पुढे धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरात ते लाखोंच्या समुदायापुढे झालं. काम करणारी पोरं पहिल्या पिढीची पदवीधर होणारी पोरं होती. चिटणीस आपल्या जातीत जन्मले नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवं. शिकवणारा कुठल्या घरातला हा प्रश्न दुय्यम आहे. तो अंगठा मागतो की अक्षर देतो, हे आधी पाहायचं.

अंगठ्याची गोष्ट आम्ही मुद्दाम काढली. खानदेश हा भिल्लांचा मुलूख. एकलव्य इथे पोथीतलं पात्र नाही, घरातला माणूस आहे. त्याच्या नावाच्या पाट्या गावोगाव दिसतील. कला शिकवण्याच्या बाबतीत या देशाची ‘गुरुपरंपरा’ काय होती, हे एकलव्याइतकं स्वच्छ कुणी सांगितलेलं नाही. दारात घेतलं नाही, स्वतः शिकला तर फी म्हणून अंगठा घेतला. ढोलकीवाल्याला विचारा, अंगठ्याशिवाय थाप कशी पडते. म्हणून ‘गुरू’ या शब्दालाच आमच्यातले काही जण बिचकतात आणि ते योग्यच आहे. पण वामनदादा आणि त्यांचे शिष्य यांच्यात जे होतं ते या परंपरेच्या बरोबर उलट होतं. इथे शिकवणाराच देत गेला. वही दिली, चाल दिली, समोर बसलेला समाज दिला. स्वतःची गाणी विखरून टाकली. आणि एकलव्याच्या मुलखात हेही विसरू नये की शहाद्याच्या भागातले अंबरसिंग महाराज, ज्यांनी १९७० च्या सुमाराला आदिवासी शेतमजुरांना जमिनीच्या प्रश्नावर उभं केलं, ते भजनातून लोकांपर्यंत गेलेले. तो तेव्हाच्या धुळे जिल्ह्याचाच भाग होता. भिल्ल, पावरा, तडवी पोरं आमच्या वर्गात फार कमी येतात. हा आमचा दोष आहे. जलसा म्हणजे फक्त निळ्या झेंड्याखालच्या एका जातीचा, असं आम्हीच वागून दाखवलं असणार.

आपण अमेरिकेकडून पँथर हे नाव घेतलं, १९७२ मध्ये. त्या नावाच्या आधीची एक गोष्ट मात्र घ्यायची राहून गेली. ऑगस्टा सॅव्हेज नावाची काळी शिल्पकार होती, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये. १९२३ मध्ये फ्रान्समधल्या एका कलावर्गात तिची निवड व्हायची होती. ती काळी आहे हे कळल्यावर अमेरिकन निवड समितीने नाव कापलं. सोबतच्या गोऱ्या मुलींना त्रास होईल असं कारण. आपल्याला हे कारण ओळखीचं वाटेल. तिने पुढे काय केलं? हार्लेममध्ये वस्तीतल्या पोरांना शिकवायला सुरुवात केली आणि १९३७ मध्ये हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटरची ती पहिली संचालक झाली. तिथे मोकळ्या दाराने कुणीही यावं, मातीत हात घालावा. जेकब लॉरेन्स नावाचा एक गरीब मुलगा त्या वस्तीतल्या वर्गांत वाढला. सरकारने मंदीच्या काळात चित्रकारांना पगार देणारी योजना काढली होती. सॅव्हेज या पोराला घेऊन कचेरीत गेली. वय कमी म्हणून त्याला परत पाठवलं. पोरगा ते विसरून गेला. ती विसरली नाही. पुढच्या वर्षी त्याचं वय भरलं तेव्हा पुन्हा त्याला हाताला धरून नेलं आणि आठवड्याला सुमारे २४ डॉलरची नोकरी मिळवून दिली. त्याच काळात लॉरेन्सने हैतीच्या गुलामांच्या क्रांतीवर ४१ चित्रांची मालिका केली आणि मग दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या काळ्या मजुरांवर ६० चित्रांची. चित्रांची ओळ लावून इतिहास सांगायचा, निरक्षरालाही कळेल असा. जलसाच की हा.

सॅव्हेजचं स्वतःचं काय झालं? १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी तिने सोळा फुटी भव्य शिल्प केलं, काळ्या गायकांची वीणा. ब्राँझमध्ये ओतायला पैसे नव्हते, म्हणून प्लास्टरचंच राहिलं, आणि प्रदर्शन संपल्यावर ते फोडून टाकलं गेलं. वामनदादांची किती गाणी अशीच फुटक्या ट्रंकांत आणि पावसाने भिजलेल्या वह्यांत गेली! तरी सॅव्हेज उरली ती तिच्या विद्यार्थ्यांत, दादाही तसेच. पण यावरून ‘कला अमर असते’ असला गोड निष्कर्ष काढू नका. विद्यार्थी होते म्हणून उरले. विद्यार्थी नसते तर प्लास्टरच होतं.

सॅव्हेजच्या गोष्टीतली कचेरीची फेरी आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शिकवणं म्हणजे नुसता सूर लावून घेणं नव्हे. आपल्या पोराला अर्ज कुठे करायचा, मानधन किती मागायचं, करारावर सही करण्याआधी काय वाचायचं, रेकॉर्डिंगवाला ‘रॉयल्टी नंतर बघू’ म्हणतो तेव्हा काय उत्तर द्यायचं, हे कोण सांगणार? महाराष्ट्र सरकार वृद्ध कलावंतांना मानधन देतं, आता महिना ५,००० रुपये. ते मिळालंच पाहिजे, आणि जलसाकारांचे अर्ज पुराव्याअभावी अडकतात तेव्हा आपण तहसीलला जाऊन बसलंच पाहिजे. पण त्या योजनेचा प्रश्न असा की तुमचं वय किती आणि तुम्ही कला कधीपासून सादर करता. तुम्ही कुणाला शिकवता, हे तिथे कुणी विचारत नाही. कलावंत म्हातारा झाला की सरकारला दिसतो. समाजालाही तेव्हाच दिसतो, शाल आणि श्रीफळासकट. चाळिशीतल्या शाहिराला दर रविवारी दोन तास पोरांना दे, म्हणून कुणी वर्गणी काढत नाही.

मुलींचा मुद्दा बाकी ठेवला होता. ‘भीमराज की बेटी’ हे मुलीच्या तोंडचं गाणं, पुरुषाने लिहिलेलं. बोदडे सरांनी ते लिहिलं म्हणून आपण त्यांचे ऋणी आहोत. पण ते गाजल्यानंतर इतक्या वर्षांत मुलीने लिहिलेली किती गाणी आपल्या मंचावर आली? आमच्या वर्गात एका मुलीने पहिल्याच महिन्यात आमची जागा दाखवून दिली. आम्ही तिला गायला सांगत होतो, ती टाळत होती. शेवटी म्हणाली, “आमाले गाता येते, सर. लिहिता नाही येत. ते शिकवा ना.” आम्ही इतके दिवस तिला झीलकरी बनवत होतो, तिला देहलवी मास्तर हवा होता. त्यानंतर आम्ही वर्गाची घडी बदलली. आधी अर्धा तास लिहिणं. घरात जी भाषा बोलतात तीत, अहिराणी असो की तावडी. पुस्तकी मराठीत लिहायला सांगितलं की पोरं भाषणातले शब्द लिहितात. घरच्या भाषेत लिहायला सांगितलं की केळीच्या घडांची मोजणी, रेशनचा अंगठा आणि पाण्याचा टँकर येतो. जलसा याच मालाने भरलेला असायचा.

वर्ग सुरळीत चालला असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. एका वस्तीत तो दोनदा बंद पडला. एकदा दोन मंडळांच्या भांडणात समाजमंदिराची किल्लीच मिळेना. दुसऱ्यांदा चूक आमची होती: एका पक्षाच्या सभेआधी पोरांना गायला नेलं, सभेची गर्दी जमेपर्यंत दोन तास गाऊन घेतलं आणि नेता आल्यावर त्यांच्या हातातला माईक काढून घेतला. पोरं परतीच्या रिक्षात एक शब्द बोलली नाहीत. पुढच्या रविवारी चार जण आले नाहीत. गर्दी जमवायला गाणं वापरायचं आणि विचार मांडायला वक्ता, ही जी सवय आपल्या पक्षांना लागली आहे, ती जलशाचा खून आहे, आणि त्या दिवशी त्यात आमचा हात होता. आता आमचा नियम आहे: पोरं गातील तर तो कार्यक्रमच असेल, भाषणाआधीचा टाइमपास नाही. आणि पहिल्या कार्यक्रमापासून मानधन, मग ते शंभर रुपये का असेना, पाकिटात, नाव लिहून.

३१ जुलै जवळ येतो आहे. १९३७ मध्ये बाबासाहेब न्यायालयाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले, त्याची आठवण म्हणून दरवर्षी त्या दिवशी तिथे माणसं जमतात. पावसाचे दिवस, लळिंगच्या डोंगरावर हिरवं आलेलं, आणि झाडाखाली कुठे कुठे एखादा म्हातारा एकतारी किंवा खंजिरी घेऊन बसलेला असतो. गर्दी त्याच्या बाजूने पुढे निघून जाते. या वर्षी आम्ही अकरा पोरं आणि सात पोरी घेऊन जाणार आहोत. प्रत्येकाकडे दोनशे पानी वही असेल. गाणाऱ्या म्हाताऱ्याशेजारी बसायचं, गाणं पूर्ण उतरवून घ्यायचं, शेवटच्या अंतऱ्यासकट, आणि गाणं कुणाचं, तुम्ही कुणाकडून शिकलात, हे विचारून खाली लिहायचं. ते सांगतील त्या माणसाचं नाव, आणि त्या माणसाने ज्याच्याकडून घेतलं त्याचंही. तुमच्या गावात असा कुणी जलसाकार असेल, त्याला येणं झेपत नसेल, तर आम्हाला कळवा. आम्ही पोरांना घेऊन त्याच्या घरी येतो. त्यांच्याकडे जुन्या वह्या असतील तर त्या मागणार नाही, तिथेच बसून उतरवू. फक्त चहाचं बघा.